पाळणाघराचा नकाशा: मावशींची पाठ किती वेळा वळते?

गेल्या महिन्यात चुलतभावाकडं जेवायला गेलो होतो. ताटं उचलून झाल्यावर वहिनींनी त्याच टेबलावर वहीचा एक कागद पसरला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्यांच्या घराचा तळमजला भाडेकरूनं सोडलाय, तिथं पाळणाघर काढायचं त्यांच्या मनात आहे. कागदावर पेन्सिलीनं खोल्या आखलेल्या. हॉलमध्ये ‘खेळ’, पुढच्या बेडरूममध्ये ‘झोप’, मागच्या बेडरूममध्ये ‘तान्ही बाळं’, आणि बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्याही पलीकडं, संडास-बाथरूम. कुठल्या भिंतीवर हत्ती काढायचा आणि कुठल्या भिंतीवर जिराफ, हेसुद्धा ठरलेलं.

“कसं वाटतंय, भावजी?”

मी घरांचे नकाशे काढूनच पोट भरतो, त्यामुळं कुणी कागद पुढं केला की गप्प बसवत नाही. म्हटलं, “वहिनी, हॉलमधल्या एखाद्या पोरानं चड्डीत शी केली, तर मावशी त्याला धुवायला कशा जाणार?” त्यांनी बोटानं वाट दाखवली. हॉल, बोळ, स्वयंपाकघराचं दार, मग बाथरूम. “आणि त्या येईपर्यंत हॉलमधली बाकीची?” त्यांचं बोट बाथरूमच्या चौकोनातच थांबलं.

पाळणाघराचा नकाशा घराच्या नकाशापेक्षा वेगळा असतो, तो इथं. घरात खोली म्हणजे एका कामाची जागा: झोपायची, जेवायची, पाहुण्यांना बसवायची. पाळणाघरात ही सगळी कामं एकाच वेळी चालू असतात आणि सांभाळणारी माणसं मोजकी. म्हणून खोल्यांना नावं देण्याआधी एकच गोष्ट मोजायची: दिवसभरात मावशींना मुलांकडं किती वेळा पाठ करावी लागते?

वहिनींच्या कागदानंतर मी शहरातल्या एका पाळणाघरात, परवानगी काढून, सकाळी दहा ते अकरा कोपऱ्यात बसून हेच मोजलं. सांभाळणाऱ्या बाई प्रेमळ, अंगानं चपळ, कामात जराही कुचराई नाही. तरी तासाभरात चौदा वेळा त्यांची पाठ मुलांकडं झाली. तीन वेळा बेल वाजली, चार वेळा लंगोट बदलायचा होता, दोनदा दुधाची बाटली आणायची होती, एकदा सांडलेलं पुसायला फडकं. उरलेल्या चार खेपा नुसत्या झोपलेल्या बाळाकडं डोकावायच्या होत्या. दोष बाईंचा नव्हता, भिंतींचा होता.

## एवढ्यात हा विषय का निघालाय?

कारण कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, ती बातमी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीतलं दुसरं कलम तेवढं गाजलं नाही: पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं. हे पन्नास सगळे कर्मचारी धरून, नुसत्या बायका नव्हेत. म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली बऱ्यापैकी चालणारी फाउंड्रीसुद्धा यात बसते. महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पाळणाघर कामाच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत असावं, शक्यतो तळमजल्यावर असावं, एका मुलामागं किमान दहा ते बारा चौरस फूट जागा असावी, असं त्यात आहे.

वहिनींच्या डोक्यात हेच होतं: आसपासची ऑफिसं, दवाखाने, दुकानं यांच्याशी बोलून अठरा मुलं घ्यायची.

## अठरा मुलं बसतात का? आधी वजाबाकी

घर विकणारा बिल्डर जागा सांगतो ती भिंती, जिना, गॅलरी सगळं धरून. आपल्या कामाची जागा म्हणजे चटई क्षेत्र, भिंतींच्या आतली फरशी. पाळणाघरासाठी त्यातूनही वजाबाकी करावी लागते, कारण स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये मूल खेळणार नाही.

वहिनींचं चटई क्षेत्र ८५० चौरस फूट. त्यातून स्वयंपाकघर ८०, दोन बाथरूम मिळून ७०, बोळ ६०, दारातली चपला-दप्तरांची जागा ५० आणि सामानाची खोली ३० वजा केली. उरले ५६०.

बारा चौरस फुटांच्या हिशेबानं इथं सेहेचाळीस मुलं मावतात. “बघा की!” म्हणून वहिनी खूश झाल्या. पण बारा चौरस फूट म्हणजे चार बाय तीन, जेमतेम एक सतरंजी. ती किमान मर्यादा आहे, त्याखाली जाऊ नका एवढंच ती सांगते. इंग्लंडमधला नियम वयाप्रमाणं बदलतो: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ३.५ चौरस मीटर, दोन ते तीनला २.५, त्यापुढं पाचपर्यंत २.३. आपल्या मापात सुमारे ३८, २७ आणि २५ चौरस फूट. गंमत बघा, मूल जेवढं लहान तेवढी जागा जास्त. आपल्याला उलटं वाटतं. पण रांगणारं मूल फरशीवर आडवं असतं, ते बसतं तिथं, लोळतं तिथं, दूध ओकतं तिथं, आणि त्याच्या शेजारी एक मोठं माणूस मांडी घालून बसलेलं असतं. ती मांडीची जागाही त्या ३८ मध्येच येते.

वहिनींच्या अठरात सहा तान्ही आणि रांगती, पाच दोन वर्षांची, सात तीनच्या वरची. सहा गुणिले ३८ म्हणजे २२८, पाच गुणिले २७ म्हणजे १३५, सात गुणिले २५ म्हणजे १७५. बेरीज ५३८. म्हणजे अठरा बसतात, पण एकोणिसावं घ्यायचं तर दहादा विचार करावा लागेल.

## खासबागेत कुठंही बसा, हौदा दिसतो

आता नकाशाचा गाभा. वास्तुरचनेच्या भाषेत त्याला दृष्टिरेषा म्हणतात: एका जागी असलेल्या माणसाची नजर न अडता कुठवर पोचते, ती रेघ. कोल्हापूरकरांना हे शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांच्या काळात बांधलेलं खासबाग मैदान आठवा. मधे कुस्तीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकली की नाही ते कळतं, कारण मधे काही येत नाही.

पाळणाघर म्हणजे उलटं खासबाग. इथं बघणारं माणूस एक आणि कुस्त्या दहा ठिकाणी. म्हणून मावशींची बसायची जागा आधी ठरवायची आणि मग तिथून दोरी ताणल्यासारख्या रेघा सगळ्या कोपऱ्यांत न्यायच्या. जिथं रेघ अडते, तिथली भिंत, कपाट किंवा दार बदलायचं.

यात एक चूक मी स्वतः केलेली आहे. पूर्वी एका बालवाडीसाठी मी तीन फूट उंच फळ्यांची मांडणी काढली होती. मोठ्या माणसाला वरून दिसेल, मुलाला ओलांडता येणार नाही, असा माझा हिशेब. कागदावर झकास. पण तिथल्या बाई उभ्या कुठं असतात? त्या दिवसभर मुलांबरोबर जमिनीवर बसलेल्या. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. माझी तीन फुटी मांडणी त्यांच्यासाठी भिंतच होती. पंधरा दिवसांनी गेलो तर त्यांनी ती उचलून भिंतीला लावून टाकली होती आणि मला चहा पाजताना त्याबद्दल एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी दोनच प्रकार वापरतो. मांडणी असेल तर दोन फुटांच्या आत आणि भिंतीत ठोकून पक्की केलेली, कारण पोरं तिला धरून उभी राहतात. अडसर असेल तर सळ्यांचा, आरपार दिसणारा. सळ्या उभ्याच हव्यात. आडव्या लावल्या तर ती शिडी होते, आणि शिडी दोन वर्षांच्या मुलाला दाखवावी लागत नाही. दोन सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा कमी फट, डोकं अडकू नये म्हणून.

## सोपा, माजघर, परसू

वहिनींचा पुढचा प्रश्न: कुठली खोली कुठं? इथं मी त्यांना आजोळच्या वाड्याची आठवण करून दिली. बाहेरचा माणूस आधी सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर टेकायचा. घरचा असेल तर माजघरात यायचा. ओलं काम, भांडी, धुणं सगळं मागं परसात. बाहेरून आत, गलक्याकडून शांततेकडं, कोरड्याकडून ओल्याकडं अशी ती उतरंड होती.

पाळणाघरालाही सोपा लागतो. सकाळी साडेनऊला आई मुलाला सोडते तेव्हा दारात काय चालतं ते बघा: गाडी चालू, चपला काढणं, डब्याची पिशवी, रडारड, “औषध दुपारी द्या बरं का.” हे थेट खेळाच्या खोलीत झालं तर एक रडतं आणि पाच साथ देतात. दारातच पाच बाय दहाची जागा, कमरेएवढं अर्धं दार, प्रत्येकाची खुंटी आणि बसायला एक बाक, एवढं पुरतं. पावसाळ्यात तर त्यावाचून चालणारच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्र्या आणि रेनकोट निथळत आत येतात, आणि ओल्या फरशीवर पळणारं पोर पडतंच.

अंगावर पाजायची जागाही या सोप्यालाच लागून हवी. कायद्यानं आईला चार खेपा दिल्यात. सहा तान्ह्यांच्या आया आल्या तर दिवसाला चोवीस खेपा. प्रत्येक वेळी ती आई खेळाची खोली ओलांडून गेली, तर बाकीच्या सतरा जणांना आपली आई कुठंय हे चोवीस वेळा आठवणार. सोप्याच्या बाजूला पडदा, पाठ टेकायला खुर्ची, मावशींनी बाळ तिथं आणून द्यायचं.

माजघर म्हणजे खेळाची खोली. सगळ्यात मोठी, मधली, जिथून बाकी सगळं दिसतं ती.

## ओली बाजू

माझ्या मते खरा कस इथं लागतो, आणि बहुतेकजण इथंच कंजुषी करतात.

संडास-बाथरूमचं दार खेळाच्या खोलीतच उघडलं पाहिजे, बोळात नव्हे. वहिनींच्या घरात बाथरूमची मागची भिंत हॉललाच लागून होती, फक्त दार उलट्या बाजूला. भिंत फोडून दार फिरवायला गवंड्याचे दोन-तीन दिवस. त्या एका बदलानं मावशींच्या दिवसातल्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

लंगोट बदलायचा ओटा भिंतीला लावायचा नाही. भिंतीला लावला की मावशींचं तोंड भिंतीकडं. तो काटकोनात पुढं काढायचा, म्हणजे त्या पलीकडं उभ्या राहतील आणि बाळाच्या डोक्यावरून खोलीभर नजर जाईल. हात धुवायचं बेसिन हाताशी हवं आणि ते स्वयंपाकघरापेक्षा वेगळं. शीचे हात आणि दुधाची बाटली एकाच नळाखाली येता कामा नयेत. मुलांसाठीचं बेसिन दीड फुटांवर बसवा, नाहीतर दिवसभर स्टूल, आणि स्टुलावरून पडणं.

आणि पिंप. पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून आपल्याकडं बाथरूममध्ये भरलेलं पिंप आणि दोन बादल्या असतातच. घरात ती सोय असते, पाळणाघरात तो धोका आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल डोक्याकडून जड असतं. ते बादलीत वाकलं तर त्याला परत सरळ होता येत नाही, आणि बुडायला काही इंच पाणी पुरतं. आवाजही होत नाही. साठवणीचं पाणी वर टाकीत किंवा कुलपाच्या दाराआड ठेवायचं, बादली वापर झाला की उपडी.

## झोपेची खोली अंधारी नको

वहिनींनी पुढची बेडरूम झोपेला दिली होती, दार बंद, जाड पडदे. आपल्याला वाटतं बाळाला शांतता आणि अंधार हवा. पण झोपलेल्या बाळावरही लक्ष लागतं: ते पाठीवर आहे का, तोंडावर दुपटं आलंय का, श्वास नीट चाललाय का. मिट्ट काळोखात हे कळत नाही. म्हणून दाराऐवजी भिंतीत मोठी काचेची खिडकी, तिचा तळ इतका खाली की बसलेल्या मावशींना झोपलेली बाळं दिसावीत. प्रकाश संध्याकाळच्या माजघराइतका, मंद, पण चेहऱ्याचा रंग कळेल असा.

नावात पाळणा असला तरी झुलता पाळणा किंवा झोळी मी टाळायला सांगतो. तिच्या झोक्याला दोन्हीकडं तीन-तीन फूट मोकळं लागतं, आणि ते सोडलं नाही तर चालणाऱ्या पोराच्या कपाळावर ती बरोब्बर बसते. जमिनीलगतच्या बुटक्या खाटा बऱ्या, दोहोंत माणूस सहज उभा राहील एवढं अंतर ठेवून. तीनच्या वरच्या मुलांना तर वेगळी खोली लागतच नाही. जेवण झालं की खेळाच्या खोलीतच सतरंज्या पसरायच्या. एकच फरशी सकाळी मैदान, दुपारी निजायची जागा.

## स्वयंपाकघर आणि बाहेर पडायची वाट

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथं शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताच्या छपराला भिडली आणि ९४ मुलं गेली. ज्या इमारतीत मुलं आहेत तिथं चूल कुठं असावी, हा प्रश्न तेव्हापासून मी नकाशात सगळ्यात आधी सोडवतो. स्वयंपाकघर बाहेर पडायच्या वाटेत नको. सिलिंडर घराबाहेर, पाइपनं गॅस आत. मुलांच्या बाजूला दार नको, खानावळीत असते तशी ताट सरकवायची खिडकी पुरे.

बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, एकमेकींपासून लांब. आपल्या घरांत मागच्या दाराला बारा महिने कुलूप आणि प्रत्येक खिडकीला चोरांच्या भीतीनं ग्रिल. वहिनींकडं मागच्या दाराची किल्ली कुठंय, ते शोधायला भावाला वीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं, ते त्याला आवडलं नाही. निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या.

## “आमच्या आजीनं एका खोलीत दहा पोरं वाढवली!”

हे मला हमखास ऐकवलं जातं, आणि ते खरंही आहे. फक्त त्या एका खोलीला अंगण होतं, अंगणाला सात दारं लागून होती आणि प्रत्येक दारात कुणीतरी म्हातारं माणूस निवडत-टिपत बसलेलं होतं. नजरा सात होत्या. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांच्या साथीनं १९४५ पासून बोर्डीत काम केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळं तो देशभर गेला, पण बऱ्याच ठिकाणी वाडी राहिली आणि अंगण गेलं. बंद फ्लॅटमध्ये मावशी एकटी असते. आजीला नकाशा लागला नाही, कारण तो आधीच तिच्याभोवती बांधलेला होता.

## “सीसीटीव्ही लावलाय की”

लावा, जरूर लावा. आईबापांना ऑफिसात बसून धीर येतो. पण कॅमेरा मूल पडताना दाखवतो, धरत नाही. स्क्रीनकडं बघायलाही मावशींना पाठच करावी लागते.

## “घर भाड्याचं आहे, भिंती कशा पाडू?”

पाडू नका. दारं बिजागरीतून काढून माळ्यावर टाका, निम्मं काम तिथंच होतं. उरलेल्या दारांच्या बिजागरीकडच्या फटीला रेक्झीनची पट्टी मारा, पोरांची बोटं चेंगरतात ती कडीच्या बाजूला कमी आणि तिथं जास्त. कपाटं हलवा. तान्ह्यांना बाथरूमजवळच्या खोलीत आणा, मोठ्यांना लांबच्या. फुकटचे बदल आधी करून बघावेत.

## “वास्तूप्रमाणं झोपेची खोली नैऋत्येला हवी म्हणतात”

मी वाद घालत नाही, वारा दाखवतो. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिकडूनच येतं. त्या बाजूची खोली जुलैत ओल धरते आणि एप्रिलमध्ये तापते. तान्ह्यांना पूर्व किंवा उत्तर बरी, सामान आणि जिना पश्चिमेला. शास्त्री यालाच हो म्हणाले तर दुधात साखर.

दिशेपेक्षा मोठा प्रश्न नदीचा आहे. तळमजला हवा ही सूचना देशभरासाठी योग्य आहे, पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली की सुतारवाडा, दुधाळीकडच्या लोकांना तळमजल्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. पूररेषेतली जागा असेल तर तळमजला सोडा असं मी म्हणणार नाही, ती जागाच सोडा म्हणेन.

## रांगोळीचा नकाशा

शेवटी वहिनींच्या रिकाम्या तळमजल्यावर आम्ही नवा नकाशा रांगोळीनं फरशीवरच काढला. इथं ओटा, इथं मांडणी, इथं सळ्यांचं दार. वहिनी मावशींच्या जागी मांडी घालून बसल्या आणि मी टेपचं टोक धरून कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरलो. सगळीकडं रेघ पोचत होती.

त्यांचा चार वर्षांचा पोरगा मघापासून रांगोळी पुसत हिंडत होता. तो एकदम गायब झाला. हॉलच्या मधल्या खांबामागून, मांडणीच्या रेघेला चिकटून, आवाज आला: “आई, मी हितं हाय, दिसतोय का?”

नव्हता दिसत.

वहिनी म्हणाल्या, “तिथली फट बुजवून टाकूया, भावजी.” मी नको म्हटलं. पोरांना लपायला जागा लागते, ती दिली नाही तर ती आपली आपण शोधतात, बहुतेक दाराआड किंवा ओट्याखाली. मांडणी दीड फूट डावीकडं सरकवली. आता खांबामागचा कोपरा तीन बाजूंनी झाकलेला आहे आणि चौथी बाजू मावशींच्या जागेकडं उघडी. पोरगा पुन्हा जाऊन तिथं उकिडवा बसला, डोळे घट्ट मिटून. वहिनी जागेवरून त्याच्याकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या, “कुठं गेलं बाई माझं बाळ?”